‘घरीच उतरा’ म्हणाली, पण खरंच उतरायचं का?

प्रश्न : ताई, जूनच्या अखेरीस मी, नवरा आणि सासूबाई असे तिघं बारा दिवसांसाठी इंडोनेशियाला निघालोय. मी सिंगापूरला नोकरी करत होते तेव्हा ऑफिसात एक इंडोनेशियन मैत्रीण होती. जावा बेटावरची, मुसलमान, स्वभावानं फार गोड. आता ती योग्याकार्ताला आई-वडील, नवरा आणि दोन लहान मुलांसोबत राहते. आमचं ठरतंय म्हटल्यावर लगेच म्हणाली, ‘हॉटेल कशाला? घरीच उतरा.’ मी विचारलं, आम्ही तिघं चार दिवस राहिलो तर चालेल ना? उत्तर आलं, ‘बोलेह, बोलेह! इन्शाअल्ला’ आणि पुढे तीन हसरे चेहरे. नवरा म्हणतो, लोकांच्या घरात घुसायचं नाही, हॉटेल घेऊ. सासूबाई म्हणतात, एवढं बोलावतेय तर नाही कसं म्हणायचं; पण त्यांना अंडंही चालत नाही, मग खाणार काय? जकार्तात नवऱ्याचा कॉलेजातला मित्र आहे, मराठीच, तोही ‘या’ म्हणतोय. न्यायचं काय, वागायचं कसं? आणि एक खासगी : लग्नाला आठ वर्षं झाली, मूल नाही. तिकडे पहिला प्रश्न तोच विचारतात असं ऐकलंय, आणि सासूबाई शेजारीच बसलेल्या असणार.
– संकोचलेली, ठाणे

उत्तर : तुमचं पत्र वाचलं आणि मला एक चटई आठवली.

काही वर्षांपूर्वी मी नेमका हाच उद्योग केला होता. योग्याकार्ताच्या (तिथं सगळे जोग्जाच म्हणतात) दक्षिणेला बांतुलमध्ये मैत्रिणीचं घर. मीही असंच विचारलं होतं, चार रात्री चालेल ना? तिचंही उत्तर असंच, दोनदा ‘बोलेह’. आम्हाला खोली दिली ती मोठी, पलंग ऐसपैस, चादर घडी मोडलेली नव्हती इतकी नवी. दुसऱ्या दिवशी पहाटे, अजान व्हायच्या जरा आधी, मी बाथरूमला उठले. बाथरूम मागच्या बाजूला, वाटेत टीव्हीची खोली. कोणाची झोप मोडू नये म्हणून दिवा न लावता मोबाइलचा उजेड खाली धरून चालले होते, तर पाऊल टाकणार तिथं एक हात. मैत्रिणीच्या आईचा. त्यांच्या पलीकडे वडील, मग मैत्रीण, तिचा नवरा आणि दोन्ही पोरं, सगळे एका चटईवर आडवेतिडवे. ती ऐसपैस खोली त्या म्हाताऱ्या जोडप्याची होती. मी तशीच पाय उचलून परत फिरले आणि उजाडेपर्यंत कळ काढली.

सकाळी विचारलं, तर ती हसत म्हणाली, ‘तिथं जमिनीवर गार वाटतं, आम्हाला आवडतं.’ खोटं बोलली असं मी म्हणणार नाही. चूक माझीच होती. ज्याचं एकच उत्तर येऊ शकतं असा प्रश्न मी विचारला होता.

‘बोलेह’ म्हणजे अगदी आपलं ‘चालेल’. आपण तरी ‘चालेल’ किती तऱ्हांनी म्हणतो! जावामध्ये तर तोंडावर ‘नाही’ म्हणणं हा जवळजवळ उद्धटपणाच. त्यांच्याकडे ‘सुंगकान’ म्हणून एक शब्द आहे. संकोच, भीड, समोरच्याचा मान राखून स्वतःची अडचण गिळणं, हे सगळं त्यात आलं. तुमच्या मैत्रिणीला तुम्ही यायला हव्या आहात, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. तिघांना चार रात्री झोपवायला तिच्या घरात जागा आहे का, ही गोष्ट वेगळी. आणि ती तुम्हाला हे कधीच सांगणार नाही. म्हणून तिच्यावर ‘नाही’ म्हणायची वेळच येऊ द्यायची नाही, हे पाहुण्याचं काम.

तेव्हा तुमचा नवरा बरोबर आहे, फक्त कारण चुकीचं देतोय. घुसण्याचा प्रश्नच नाही, त्यांचं घर पाहुण्याला उघडंच असतं. तुम्ही तिच्या घराजवळचं एखादं छोटं हॉटेल किंवा होमस्टे बघा. मालिओबोरोच्या बाजाराजवळ सगळे पर्यटक उतरतात, तिथं नको. तिथून तिच्याकडे रोज जा-ये करण्यातच जीव जाईल. तिच्या गल्लीपासून दहा मिनिटांवर काही मिळतं का, हे तिलाच विचारा. मग तीच शोधेल, भाव करेल आणि तिची यजमानकीही शाबूत राहील. जूनच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत तिथं शाळांना सुट्टी असते आणि जोग्जा हे जावातल्या लोकांचंच आवडतं सहलीचं गाव, म्हणून हे काम आजच करा. सुट्टी म्हणजे तिच्याकडे आणखीही नातेवाईक टपकू शकतात, हेही लक्षात घ्या.

ती रुसेल. ‘हॉटेल कशाला’ हे पुन्हा होईल. त्यावर माझ्याकडे हमखास उपाय आहे : सासूबाईंचे गुडघे. तिथल्या बऱ्याच घरांत संडास उकिडवं बसायचा असतो. वडीलधाऱ्यांची तब्येत हे कारण जावामध्ये कोणीही खोडून काढत नाही. खोटं बोला असं मी सांगत नाहीये, पण साठी ओलांडलेली आणि गुडघे न दुखणारी मराठी बाई मी तरी अजून पाहिलेली नाही. एवढं सांगूनही तिनं तिसऱ्यांदा आग्रह केला, तर एक रात्र राहा. एकच. आणि तुम्ही टीव्हीच्या खोलीत चटईवर झोपणार, सासूबाईंना तेवढा पलंग द्या, हे आधीच सांगून टाका.

राहिलात तर आणखी एक : गल्लीच्या तोंडाशी पाटी दिसेल, ‘तामू वाजिब लापोर 1×24 जाम’. तामू म्हणजे पाहुणा, वाजिब तर आपल्याला कळतंच. मुक्कामाच्या पाहुण्याची चोवीस तासांत वर्दी द्यायची. प्रत्येक गल्ली-दोन गल्ल्यांचा एक निवडलेला प्रमुख असतो, त्याला ‘पाक एर्ते’ म्हणतात. त्याच्याकडे मैत्रीण तुमच्या पासपोर्टची झेरॉक्स घेऊन जाईल. घाबरू नका, चौकशी बिकशी काही नसते. बहुधा तो संध्याकाळी स्वतःच गप्पा मारायला येईल.

आता घरी जाण्याविषयी. वेळ सकाळी दहाच्या सुमाराची किंवा दुपारी चारनंतरची. भर दुपारी लोक पडलेले असतात, आणि जूनमध्ये तिथं साडेपाचलाच सूर्य मावळतो, ती मगरिबच्या नमाजाची वेळ. चार-साडेचारला सगळं गाव आंघोळ करतं. तुम्हालाही कोणी ‘सुदाह मांदी?’ म्हणजे ‘आंघोळ झाली का?’ असं विचारलं, तर वाईट वाटून घेऊ नका, अंगाला वास येतोय असं काही त्यांना सुचवायचं नसतं. आपल्याकडे ‘चहा झाला का’ विचारतात तसंच ते.

चपला दाराबाहेर. मुलं येऊन सासूबाईंचा हात हातात घेतील आणि कपाळाला लावतील. त्यांना आधी सांगून ठेवा, नाहीतर त्या दचकून हात मागे घेतील. तो त्यांचा नमस्कारच. तोंडानं ‘सुखी राहा’ म्हणाल्या तरी चालेल. नवऱ्यानं मैत्रिणीच्या आईपुढे आपणहून हात करू नये. छातीशी हात जोडले की पुरे, तिथंही तसंच करतात. देणं-घेणं सगळं उजव्या हातानं. तिच्या आईला ‘इबू’ आणि वडिलांना ‘बापाक’ म्हणा. बोट दाखवायचं झालं तर तर्जनी नको, उजव्या हाताचा अंगठा.

पुढच्या खोलीत बसवतील. मधल्या मेजावर बरण्या मांडलेल्या असतील, कसल्या कसल्या कुरकुरीत गोष्टींच्या. मग काचेच्या ग्लासातून चहा येईल, बिनदुधाचा, गोडमिट्ट, वर छोटं झाकण. इथंच आपल्या माणसाची फजिती होते. चहा समोर आला की आपण उचलतो. जावामध्ये तो तसाच ठेवायचा, गप्पा चालू ठेवायच्या. पाच मिनिटं होतील, दहा होतील. मग घरातलं कोणी हात पुढे करून म्हणेल, ‘मोंग्गो’ किंवा ‘सिलाकान’. तेव्हा झाकण काढायचं. मी पहिल्यांदा अर्धा ग्लास संपवून मोकळी झाले होते, कोणी चकार शब्द काढला नाही. फक्त मैत्रिणीच्या वडिलांनी घाईघाईनं स्वतःचं झाकण उघडून एक घोट घेतला, मी एकटी पडू नये म्हणून. हे मला दोन दिवसांनी कळलं. सासूबाईंना साखरेचा त्रास असेल तर ‘तेह तावार’ मागा, बिनसाखरेचा चहा.

खाण्याचं मात्र आधीच सांगा. पानावर बसून ‘हे नको, ते नको’ करण्यापेक्षा आठवडाभर आधी कळवणं त्यांनाही बरं वाटतं. नुसतं ‘शाकाहारी’ म्हणून भागत नाही, कारण खरा घोटाळा ‘तरासी’चा आहे. तरासी म्हणजे कोळंबी आंबवून केलेला गोळा. आपण हिंग घालतो तितक्या सहज तो मिरचीच्या सांबलमध्ये जातो आणि त्याला कोणी मासळी मानत नाही. भाजीचा रस्सा दिसायला साधा, आत कोंबडीचं पाणी. म्हणून मैत्रिणीला यादीच द्या : मांस, कोंबडी, मासे, कोळंबी, तरासी, अंडं, काहीच नाही. कुरकुरीत ‘करुपुक’ही बहुधा कोळंबीचे असतात. त्याऐवजी ‘एम्पिंग’ मागा, ते मलिंजो नावाच्या फळाच्या बिया चेपून करतात, किंचित कडसर, पण सासूबाईंना चालतील.

उपाशी मात्र त्या राहणार नाहीत. टेंपे म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची वडी, तळली की मुटक्यासारखी लागते. तिला पातळ पीठ लावून अर्धवट तळली की ‘मेंदोआन’, पावसाळी संध्याकाळची भजीच ती. ‘पचल’ म्हणजे उकडलेल्या पालेभाज्यांवर शेंगदाण्याची गोड-तिखट चटणी, फक्त ती तरासीशिवाय वाटायला सांगा. आणि जोग्जाचं खास ‘गुदग’, कोवळा फणस गूळ आणि नारळाच्या दुधात तासन्‌तास शिजवलेला. कुयरीची, म्हणजे कोवळ्या फणसाची, भाजी खाणाऱ्या माणसाला फणस लगेच ओळखू येतो, गोडीनं मात्र चक्रावायला होतं. बाहेर त्यावर कोंबडी, अंडं आणि जनावराच्या कातडीचं ‘क्रेचेक’ घालतात आणि अंडी बऱ्याचदा त्याच मसाल्यात शिजतात, तेव्हा ते घरचंच खावं, वेगळ्या भांड्यातलं. सोबत मेतकूट आणि लिंबाचं लोणचं असू द्या. भात तर तिन्ही त्रिकाळ मिळतो.

न्यायचं काय? ‘ओलेह-ओलेह’ म्हणजे प्रवासातून आणलेली भेट. रिकाम्या हातानं जाणं आपल्याइतकंच त्यांनाही विचित्र वाटतं. लोणावळ्याची शेंगदाणा चिक्की न्या. त्यांच्याकडे शेंगदाणे आणि नारळी गुळाची ‘आम्प्यांग’ असते, चव ओळखीची निघेल आणि त्यावर अर्धा तास गप्पा होतील. इबूंना सोलापुरी चादर. मुलांना रंगांच्या पेट्या. खाण्याच्या वस्तूत जिलेटिन किंवा दारूचा अंश नाही ना, ते पाकिटावर बघून घ्या. भेट देताच त्या म्हणतील, ‘आदुह, रेपोत-रेपोत!’ म्हणजे शब्दशः आपलं ‘अगंबाई, कशाला उगाच त्रास!’ मग पिशवी आत जाईल आणि तुमच्यासमोर उघडणार नाही. आवडली नाही असा अर्थ काढू नका, पाहुण्यांपुढे भेट उघडत नाहीत, एवढंच.

गणपतीची मूर्ती नेऊ नका. हे मुद्दाम लिहितेय, कारण ‘इंडोनेशियाच्या नोटेवर गणपती आहे’ हा मेसेज तुमच्याही सासूबाईंनी पुढे पाठवलेला असणार. 20,000 रुपियाच्या 1998च्या नोटेवर तो होता खरा, पण ती नोट 2008 अखेर चलनातून गेली. रामायणाबद्दल मनसोक्त बोला. वायांग, म्हणजे बाहुल्यांच्या सावल्यांच्या खेळामुळे, राम-सीता त्यांच्या घरातले आहेत, आणि प्रंबाननच्या देवळांजवळ 1961पासून रामायणाचं नृत्यनाट्य होतं, त्यात नाचणारे बहुतेक मुसलमानच. त्यांच्याकडच्या कथेतले फरक ऐकून घ्या, मजा येईल. ‘म्हणजे तुम्ही मूळचे आमच्यातलेच’ हे वाक्य मात्र सासूबाईंनी तोंडातून काढू नये. माझ्या एका सहप्रवाशानं काढलं होतं. यजमान हसले आणि सावकाश बरण्यांची झाकणं लावू लागले.

भाषेची काळजी नको. मैत्रीण नसली तरी सासूबाई आणि इबू यांचं जमेल. कुर्सी म्हणजे खुर्ची, साबुन म्हणजे साबण, नानास म्हणजे अननस. ‘सुआमी’ म्हणजे नवरा, हे ऐकून सासूबाई खूश होतील. एकादशी असेल तर ‘पुआसा’ म्हणा, उपवासच तो. फक्त पुआसा करणारी बाई दुपारी शेंगदाणे खाताना दिसली, तर इबूंना काय समजावायचं ते तुमचं तुम्ही बघा.

आता तुमच्या त्या प्रश्नाविषयी. हो, विचारतील. इबू विचारतील, शेजारीण विचारेल, टॅक्सीवालासुद्धा विचारेल. लग्न झालंय का, मुलं किती, सासूबाई कोणाच्या आई, हे सगळं पहिल्या दहा मिनिटांत. तुमच्याशी कसं बोलायचं, तुम्हाला काय म्हणायचं, हे ते यातून ठरवतात. पण त्यांच्या भाषेत याला फार सुंदर उत्तर आहे : ‘बलुम’. बलुम म्हणजे ‘अजून नाही’. लग्न झालं नसेल तर नाही नव्हे, बलुम. बाली पाहिलंत का? बलुम. पन्नाशीच्या अविवाहित बाईही हसत बलुम म्हणतात आणि विषय तिथंच संपतो, कारण त्या शब्दानं दार लागत नाही आणि कोणी आतही येत नाही. ‘मुलं?’ ‘बलुम.’ फार तर समोरची बाई तुमच्यासाठी दोन शब्द प्रार्थनेचे म्हणेल. ते घ्या आणि चहाचं झाकण काढा. डॉक्टर, उपाय, कारणं यातलं काहीच सांगायची गरज नाही. खरी भीती इबूंची नाही, सासूबाई मराठीत काय पुस्ती जोडतील याची आहे, असं मला तुमच्या पत्रावरून वाटलं. तर विमानात बसण्याआधी त्यांना हा एक शब्द शिकवा. त्यांच्या तोंडून आला तर सगळ्यात उत्तम.

जकार्ताचं सोपं आहे. तो मराठी माणूस आहे, त्याला सरळ विचारा : खोली मोकळी आहे का, आणि भाजणी, गोडा मसाला काय काय आणू. तोही सरळ सांगेल. दोन रात्री पुष्कळ झाल्या. तिथल्या ट्रॅफिकमध्ये दिवसाला एकच काम ठरवा. पुढे जोग्जाला विमानापेक्षा गांबिर स्टेशनवरून रेल्वेनं जा, सहा-सात तास लागतात, खिडकीतून भातशेती आणि डोंगर दिसतात. लोकांच्या भेटीगाठींना ‘जाम कारेत’, म्हणजे रबरी घड्याळ, रेल्वेला नाही. ती मिनिटावर सुटते. पोहोचल्यावर मिळणारा व्हिसा माणशी 5,00,000 रुपिया आणि तीस दिवसांचा. आकडा बघून छातीत धस्स होईल, पण आपले अडीच-पावणेतीन हजार होतात.

एक दिवस त्यांना सगळ्यांना बाहेर जेवायला न्या, आजोबांसकट. ज्यानं बोलावलं त्यानं बिल द्यायचं ही तिथली रीत, म्हणून आधी स्पष्ट सांगा की आज आम्ही नेतोय. निघताना एकदम उठू नका. ‘पामित’ म्हणा, म्हणजे निरोप घेतो. त्यावर ‘कोक बुरू-बुरू?’ येईल, ‘एवढी काय घाई?’ मग आणखी दहा मिनिटं बसायचं आणि पुन्हा पामित म्हणायचं. उंबऱ्यावर तिसऱ्यांदा. हे तुम्हाला शिकवायला नकोच, ठाण्यात जिन्यावर उभं राहून आपण वेगळं काय करतो?

आता मैत्रिणीला आज रात्रीच मेसेज पाठवा. प्रश्न विचारू नका, सांगा : ‘सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी कमोड लागतो, म्हणून तुझ्या घराजवळ एखादी खोली शोधून देशील का? झोपायला तिथं, बाकी दिवसभर तुझ्याकडेच. त्या मासे, मांस, अंडं, तरासी खात नाहीत, पण तुझ्या आईच्या हातचं गुदग त्यांना खायचंय. आणि मला चटईवर झोपायला आवडतं.’